बाटलीभर रक्त

गणपतराव पैलवानाच्या रक्ताचा बोर्ड चौकात लागला, त्या सकाळी अनुजा रिक्षातून लॅबला निघाली होती. तिनं रिक्षा थांबवायला लावली आणि खाली उतरून बोर्ड पहिल्या अक्षरापासून शेवटच्या फोटोपर्यंत वाचला. ‘हार्दिक अभिनंदन! हिमोग्लोबिन १९.८! तालमीची शान, दूध कट्ट्याचा वाघ, वस्ताद गणपतराव.’ मधोमध फेटा बांधलेला गणपतराव, मिशांना पीळ, तोंड लालबुंद. खाली शुभेच्छुकांची रांग, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल.

कोल्हापुरात बोर्ड लावायला फारसं कारण लागत नाही. शर्यतीत म्हशीचा नंबर आला तरी लागतो आणि पोरगं रखडत रखडत दहावी सुटलं तरी लागतो. त्यात हे २००६ साल, फ्लेक्सची नवलाई अजून ओसरली नव्हती. तरीही रक्ताच्या रिपोर्टचा बोर्ड म्हणजे जरा जास्तच झालं. त्या आकड्याचा खरा अर्थ काय, हे अख्ख्या चौकात एकट्या अनुजाला ठाऊक होतं. बोर्डावरचा वाघ आजारी होता. असाच राहिला तर कुठल्या तरी सकाळी धार काढता काढता म्हशीच्या पायाशीच कोसळणार होता. अनुजाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं.

हा गणपतराव तिचा सासरा. म्हणजे तिला घरातून काढेपर्यंत सासरा होता. वयाचा मान म्हणून त्याला अहो-जाहो करायला हवं, पण अनुजाच्या मनात तो कधीच ‘अहो’ नव्हता, आणि ही गोष्ट तिची आहे.

ती आजऱ्याची. बाप लहानपणीच गेलेला, आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. आईला सगळी आक्का म्हणत, अनुजाही आक्काच म्हणे. पोरगी बारावी झाली, दिसायला बरी, आणि कोल्हापूरचं दुधाचा धंदा असलेलं घर चालून आलं. दावणीला म्हशी आहेत, पोरगं तालमीत जातं, आपली लेक दुधातुपात लोळेल, असं आक्काला वाटलं. तिनं कारखान्यातल्या बायकांना पेढे वाटले.

दूध होतं, पण ते विकायला दूध कट्ट्यावर जायचं आणि तालमीत जायचं. घरातल्या बाईच्या वाट्याला चहाच्या रंगापुरतं यायचं. रविवारी मटण शिजायचं. काळीज, नळ्या आणि मऊ मऊ फोडी आधी गणपतरावाच्या ताटात, मग दोघा मुलांच्या, मग तालमीतून कोण पावणं आलं असतील त्यांच्या. सगळ्या पुरुषांनी हात धुतले की सासू बाळाबाई आणि अनुजा चुलीपाशी बसायच्या. तेव्हा पातेल्यात तळाचा रस्सा उरलेला असे, त्यात भाकरी कुस्करायची आणि वर कोरा चहा प्यायचा. सणाला तेवढी एखादी फोड सापडायची. बाळाबाईला यात काही वावगं वाटत नव्हतं, तिच्या सासूनंही तिला असंच वाढलं होतं. आणि सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढायचा, ही त्या घरची शिस्त. गणपतरावानं सुनेचा चेहरा कधी धड बघितलाच नव्हता. तो तिला नावानंही हाक मारत नसे. ‘आजऱ्याचे, पाणी आण,’ एवढंच.

लग्नाला वर्ष झालं आणि अनुजाला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला जिना चढवेना. पावलं सुजली, ओठ कागदासारखे झाले, पाण्याची घागर उचलली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. नवऱ्याला, पिराजीला, कशी कोण जाणे अक्कल सुचली आणि तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. बाई डॉक्टरांनी बोटाला टोचून रक्त तपासलं आणि घरातलं मोठं माणूस बोलवून आणायला सांगितलं.

गणपतराव आला. खुर्ची कमी पडेल असा बसला.

“हिचं हिमोग्लोबिन सहा आहे,” बाई म्हणाल्या. “रक्तात जो लाल भाग असतो ना, तो छातीतली हवा अंगभर पोचवतो. बाईचा हा आकडा बाराच्या वर पाहिजे, गरोदर बाईचा निदान अकरा. ही निम्म्या हवेवर दोन जीव जगवते आहे. बाळंतपणात थोडं रक्त जास्त गेलं तर हिच्याकडं घालवायला शिल्लकच नाही. आत्ताच दोन बाटल्या चढवू. रक्तपेढी बदल्यात रक्त मागते, तेव्हा घरातल्या दोघांनी एकेक बाटली द्या.”

गणपतराव आधी हसला. मग त्याला कळलं की बाई चेष्टा करत नाहीत.

“डाक्टरीणबाई, छटाकभर रगात व्हायला मणभर दूध लागतंय. तालमीतल्या माणसाचं रगात म्हंजी काय नळाचं पाणी हाय व्हय? हिच्यात वतायचं म्हंजी गटारात वतायचं!”

“अहो, पंधरा मिनिटांचं काम आहे. अंगात परत भरून येतं.”

“ते तुमच्या पुस्तकात येत आसंल. माझ्या आंगात मी घाम गाळून आणलंय.”

पिराजी भिंतीला टेकून उभा होता. “आबा, मी देऊ का?” तो म्हणाला.

“गप बस. आंगाची माती करून घ्याची हाय व्हय? पुढच्या म्हयन्यात कुस्ती हाय तुझी.”

पिराजी गप्प बसला. तो कायमचाच गप्प बसला. अनुजा पदराआड उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तिला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून परत चुलीपुढं बसवलं.

महिना भरायच्या आतच ती अवेळी बाळंत झाली. मुलगी झाली. ती रडलीच नाही. आणि अनुजाचं रक्त थांबेना.

निरोप मिळाला तशी आक्का मिळेल ती एस.टी. पकडून आली. काजूच्या तेलानं काळे पडलेले हात तिनं नर्ससमोर धरले. “माझं घ्या की. मी देतो. लागंल तेवढं काढा.” त्यांनी तिच्या बोटाला टोचलं आणि तिलाच सांगितलं, मावशी, तुमचं स्वतःचंच नऊ आहे, तुमच्याकडून घेता येत नाही. आक्का आपल्या बोटाकडं असं बघत राहिली, जसं काही त्या बोटानंच दगा दिला. तिला स्टँडवरून आणणारा रिक्षावाला जोतीराम दारात उभा होता, भाडं घ्यायचं राहिलं होतं. त्यानं शर्टाची बाही वर केली. “माझं चालतंय का बघा,” म्हणाला. कुठला कोण, जातीचा ना पातीचा, त्यानं बाटली दिली आणि अनुजा वाचली.

सासरहून बघायला कुणी आलं नाही. गणपतरावाचा निरोप तेवढा आला, की रगात नसलेली बाई आम्हाला नांदवायची न्हाय. पुढच्या वर्षी पिराजीचं दुसरं लग्न झालं.

आता कुणी म्हणेल, दैव. अनुजानं ते दैवावर कधी ढकललं नाही. तिला माणसाचं नाव ठाऊक होतं. ती बरी झाली आणि कोल्हापुरातच लॅबचं शिक्षण घ्यायला लागली, कारण ज्या गोष्टीसाठी पोरगी गेली ती गोष्ट काय असते ते तिला काचेखाली बघायचं होतं. पुढं जयसिंगपूरचे डॉक्टर राजशेखर इथं दवाखाना घालून बसले, त्यांच्या लॅबमध्ये ती लागली. आक्काला आजऱ्याहून आणलं. दोघींनी पोटभर खाल्लं. अनुजाचे गाल भरले, डोळ्यांना चष्मा लागला, आणि डोक्यावरचा पदर गेला तो गेलाच.

यंदा तालमीनं शिवजयंतीला रक्ततपासणीचं शिबिर ठरवलं आणि डॉक्टर राजशेखरांना बोलावलं. अनुजाला नको म्हणता आलं असतं, पण ती मुद्दाम गेली.

तोंडाला मास्क, अंगावर पांढरा कोट. गणपतराव समोर येऊन बसला आणि त्यानं दंड टेबलावर आपटला. “जपून हं बाई, सुई वाकंल!” पोरं खिदळली. अनुजानं सुई लावली. रक्त आलं ते काळपट, दाट, आळसावल्यासारखं सिरिंजमध्ये चढत होतं. तिनं वर बघितलं. त्याचं तोंड लाल, डोळे लाल, तळहातसुद्धा लाल. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि बिलकूल ओळखलं नाही. ओळखणार कसा, चेहरा कधी बघितलाच नव्हता.

लॅबमध्ये आल्यावर मशीननं एकोणीस पॉइंट आठ आकडा दिला. तिचा विश्वास बसेना, म्हणून तिनं कपाटातली जुनी काचेची नळी काढली. त्या नळीत थोडं ॲसिड घ्यायचं, त्यात रक्ताचा ठरलेला थेंब सोडायचा, तो कोऱ्या चहासारखा तपकिरी होतो. मग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालत राहायचं. रक्त जितकं दाट तितकं पाणी जास्त लागतं. अशक्त बाईचा रंग बघता बघता फिका पडतो. गणपतरावाचा काही फिका पडेना. पाणी चढत चढत पार वरच्या आकड्यांशी गेलं, तेव्हा कुठं रंग जुळला. मशीन खोटं बोलत नव्हतं.

पुरुषाचं हिमोग्लोबिन तेरा ते सतरा असावं. तेराच्या खाली वाईट, हे सगळ्यांना पटतं. सतराच्या फार वर गेलं तर तेही वाईट, हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. लोकांना वाटतं हे परीक्षेचे मार्क आहेत, जास्त पडले की पेढे वाटा. पण रक्त नको इतकं दाट झालं की ते वाहायचं सोडून रेंगाळतं आणि रेंगाळता रेंगाळता कुठं तरी गोठून बसतं. मेंदूत गोठलं तर अर्धं अंग जातं आणि हृदयात गोठलं तर माणूस जातो.

डॉक्टर म्हणाले होते, शिबिरातले दहाच्या खालचे तेवढे मला कळवा. अनुजानं खालचे कळवले. वरचा तिनं रिपोर्ट छापून तालमीत धाडून दिला आणि तोंड बंद ठेवलं. तिनं काही खोटं लिहिलं नव्हतं. आकडा बरोबर होता, सही बरोबर होती. तालमीच्या पोरांनी आकडा वाचला आणि म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन नाचवलं.

बोर्ड लागला आणि पाठोपाठ गणपतराव स्वतः लॅबमध्ये हजर झाला. त्याला रिपोर्ट मोठ्या अक्षरात छापून हवा होता, तालमीत फ्रेम करून लावायला.

“बाई, तुमच्या मशिनीत येवढा आकडा आदी कुणाचा आलता का?”

“नाही,” अनुजा मास्कच्या आडून म्हणाली. “तुमच्याएवढा कुणाचाच नाही.”

तो खूश झाला आणि बाकावर ऐसपैस बसला. “पर एक इचारू का? हल्ली डोस्कं लई जड हुतंय. सकाळी धार काढताना गरगरतंय. आन आंघोळीचं गरम पाणी आंगावर पडलं की आशी खाज सुटतीय, मुंग्या डसल्यागत. तळपायाची तर आग आग. ह्ये कशानं आसंल?”

पुस्तकात या आजाराची जेवढी लक्षणं अनुजानं वाचली होती तेवढी हा गडी एका दमात सांगत होता. आता लांब नव्हतं. महिना म्हणा, दोन महिने म्हणा.

“वय झालं,” ती म्हणाली. “खुराक वाढवा.”

हे शेवटचं तिला बोलायचं नव्हतं, पण जिभेवर आलं आणि तिनं ते येऊ दिलं. तो गेल्यावर तिनं हात धुतले, पुन्हा धुतले. मग मात्र तिनं स्वतःलाच बजावलं, की त्यानं घाम गाळून आणलंय ना, मग ठेवू दे त्याचं त्याच्यापाशी. ओंजळभरसुद्धा सांडू नये म्हणून जपलं ना, आता त्यातच बुडून मरू दे.

त्या संध्याकाळी तिनं आक्काला सगळं सांगितलं. आक्का लसूण सोलत होती. अनुजाला वाटलं, आक्का खूश होईल, नाहीतर माणुसकीच्या दोन गोष्टी सांगेल. आक्कानं दोन्ही केलं नाही.

“मरू दे की,” ती म्हणाली. पाकळी सोलून झाल्यावर म्हणाली, “पर मेला म्हंजी काय हुईल ते बगितलंस का? सारी पेठ जमंल. तालमीची पोरं खांदा देतील. चौकात त्योच फोटू, खाली श्रद्धांजली. वाघ गेला म्हणून सांगतील, एकुणीस रगात हुतं म्हणून सांगतील. आन त्यो सरणावर जाताना आपुन लई मोठा हाय म्हणतच जाईल.”

अनुजानं लसणाचा एक गड्डा आपल्याकडं ओढला.

“त्येला कळणार कदी गं?” आक्का म्हणाली. “आपलं काय गेलं ते त्येला कळाय नगो? तसाच सुटंल की त्यो.”

हे मात्र अनुजाच्या वर्मी लागलं. इतके दिवस ती त्याच्या मरणाची वाट बघत होती आणि ते मरण म्हणजे त्याचा सत्कार होणार होता. गणपतराव असा फुकट सुटता कामा नये. तो जगला पाहिजे, आणि शुद्धीवर पाहिजे. आणि मग तिला उपचार आठवला. या आजाराला पहिला उपचार काय असतो ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण रागाच्या भरात आजवर ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती एकटीच हसायला लागली. आक्कानं विचारलं काय झालं, तर तिला हसण्यातून सांगता येईना.

सकाळी तिनं रिपोर्ट डॉक्टर राजशेखरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आकडे बघितले आणि चष्मा काढला.

“हे शिबिरातलं ना? मला आधी का नाही दाखवलंत?”

“तुम्ही खालचे विचारले होते. वरचे विचारले नव्हते.”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, “आज बोलावून घ्या त्यांना. आजच.”

गणपतराव आला तो पुन्हा सत्कारच आहे अशा थाटात. त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या, पोटही तपासलं. मग डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की हाडांच्या आत रक्त तयार होतं, तुमच्या हाडांतला तो कारखाना बेफाम सुटलाय. हा आकडा ताकदीचा नाही, आजाराचा आहे. गोळ्या देतो, पण आधी अंगातलं जास्तीचं रक्त काढावं लागेल. एक बाटली आत्ता, मग आकडा उतरेपर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी एकेक.

“काडायचं?” गणपतराव ओरडला. “माझं रगात काडायचं?”

“नाही काढलं तर लकवा होईल. हातापायाचा भरवसा नाही, बोलण्याचाही नाही.”

लकवा म्हटल्यावर वाघ बसल्या जागी मऊ झाला. तालमीतला एक जोडीदार लकव्यानंच गेलेला त्यानं बघितला होता, चमच्यानं पेज भरवत होते त्याला. कपाळावरचा घाम पुसून त्यानं विचारलं, “आन काडल्यालं कुणाला देनार? मंत्र्याबिंत्र्याला तरी द्या. आमच्या तालमीचं नाव टाका वर.”

“कुणालाच नाही. आजारी माणसाचं रक्त दुसऱ्याला चालत नाही. ते टाकून द्यायचं.”

“टाकून?”

“टाकून.”

कोपऱ्यात उभ्या असलेल्या अनुजानं मास्कच्या आत ओठ घट्ट दाबले.

रक्त काढायचं ते आतल्या खोलीत, खाटेवर. ते काम तिचंच. गणपतरावानं मुलाला बोलावून घेतलं होतं. पिराजी आत आला, सुटलेलं पोट, विरळ झालेले केस. त्यानं अनुजाकडं बघितलं आणि मास्कच्या वरच्या दोन डोळ्यांवरून तिला ओळखलं. त्याचं तोंड उतरलं. तो भिंतीपाशी गेला आणि टेकून उभा राहिला, अगदी तेव्हासारखा.

“का रं?” गणपतराव खाटेवरून म्हणाला. “बाईस्नी वळखतोस का काय?”

पिराजीनं खाली बघितलं. “न्हाय,” म्हणाला.

अनुजाला त्याचा राग यायला हवा होता, पण त्या माणसावर राग खर्च करण्यात आता काही अर्थ राहिला नव्हता. तिनं गणपतरावाच्या दंडाला पट्टा आवळला. तो डोळे मिटून पडला होता, ओठ पुटपुटत होते. शिबिरात टेबलावर आपटलेला हा तोच दंड. सुई शिरली तसा तो “आई गं” करून कळवळला.

हल्ली रक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतात, पण कोल्हापुरात अजून बाटलीच म्हणतात. पिशवी खाटेखाली हळूहळू फुगत गेली. बाहेर कुणाचं तरी पोर सुईला भिऊन रडत होतं, तेवढाच काय तो आवाज. पिशवी भरली. अनुजानं सुई काढली, कापूस दाबला, हात कोपरात मिटायला सांगितला. शिपाई चहा आणि दोन बिस्किटं ठेवून गेला. गणपतरावानं एक डोळा उघडला, मग दुसरा. उठून बसला. डोकं डावीकडं हलवून बघितलं, उजवीकडं हलवून बघितलं.

“झालं?”

“झालं.”

त्यानं चहाचा घोट घेतला. “डोस्कं हलकं झालं की वो.” मग पिशवीकडं बघितलं, आपल्या दंडावरच्या एवढ्याशा कापसाकडं बघितलं, आणि खरोखरीच्या नवलानं विचारलं, “एवढंच? एवढंच आसतंय व्हय?”

अनुजानं मास्क खाली ओढला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यासमोर उघड्या तोंडानं उभी राहिली. आणि लॅबमध्ये कधी न बोललेली बोली तिच्या तोंडातून बाहेर आली.

“व्हय, मामंजी. एवढंच आसतंय.”

कप बशीवर वाजला. त्याला मामंजी म्हणणारी एक सून आत्ता घरी भाकऱ्या थापत होती. मग ही कोण? त्यानं पिराजीकडं बघितलं. पिराजी भिंतीकडं तोंड करून उभा होता. गणपतरावानं पुन्हा तिच्याकडं बघितलं, आणि या वेळी नीट बघितलं.

“आजऱ्याची?”

“आजऱ्याची. अनुजा नाव हाय माझं.” तिनं चहाच्या कपाकडं बोट केलं. “तवाबी एवढंच हुतं. येक बाटली, येक कप चा, दोन बिस्किटं. तुमच्या आंगाची माती झाली असती का, सांगा की आता. तुमची नात आज शाळंत सातवीला असती.”

त्यानं उचललेलं बिस्किट हातातच राहिलं होतं.

“रडली न्हाय ती,” अनुजा म्हणाली. “येकदाबी रडली न्हाय.”

मोरीपाशी ब्लीचिंगच्या पाण्याची बादली होती. तिनं पिशवी उचलली, अजून ती त्याच्या अंगाएवढीच कोमट होती. बादलीवर धरून तिनं नळीला कात्री लावली. मणभर दुधाचं, काळजाचं, बायकांच्या ताटातून उचललेल्या प्रत्येक घासाचं ते रक्त धार धरून खाली पडायला लागलं. गणपतरावानं तोंड फिरवलं.

“हिकडं बघा,” ती म्हणाली. “कुठं जातंय त्ये बघा. मोरीतनं गटारात.”

त्यानं बघितलं. ऊन उतरल्यासारखी त्याच्या तोंडावरची लाली उतरली होती, आणि ती काही एका बाटलीनं उतरत नसते. पिशवी रिकामी होईपर्यंत तो बघत राहिला. अनुजाला त्याच्याकडून शब्द नकोच होता.

तिनं हात धुतले, मास्क वर ओढला आणि पुन्हा लॅबमधल्या बाईच्या आवाजात बोलली.

“पुढच्या आठवड्यात परत यायचं. येताना उपाशी येऊ नका, पोटभर जेवून या. तुम्ही तसेही सगळ्यांच्या आधी जेवता. फक्त काळीज खायचं नाही, टॉनिक घ्यायचं नाही, डॉक्टरांनी बंद सांगितलंय.” ती पिराजीकडं वळली. “घरी सांगा, यांच्या वाटणीचं काळीज आता बाळाबाईंना आणि सुनेला वाढायचं. यांच्यासमोर, आणि यांच्या आधी.”